वर्धेकाठचे दीड इंची भिंग

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले की पाचएक मैलांवर पवनार येते. धाम नदीच्या काठचे हे गाव बहुतेकांना ठाऊक असते ते विनोबांमुळे. १९३८ साली ते नदीपलीकडच्या टेकाडावर येऊन राहिले आणि १९८२ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. इतिहासाची गोडी असणाऱ्यांना याच्याही मागचे पवनार माहीत असते. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. आणि आश्रमाच्या भूमीत कुदळ चालली तेव्हा निघालेली जुनी शिल्पे आजही तेथे पाहावयास मिळतात.

मला मात्र आज सांगावयाची आहे ती या गावावरून गेलेल्या एका सावलीची गोष्ट. शके १८१९ च्या पौषी अमावास्येला, म्हणजे २२ जानेवारी १८९८ रोजी, शनिवारी भर दुपारी चंद्राची सावली कोकणच्या किनाऱ्यावर चढली आणि तिरकी ईशान्येकडे धावत गेली. विजयदुर्ग, सोलापूर जिल्ह्यातले जेऊर, मग वऱ्हाड, वर्धा नदी, पुलगाव, नागपूर, शहडोल आणि पुढे गंगेकाठी बक्सर असा तिचा मार्ग. पन्नासएक मैल रुंदीचा तो पट्टा आणि त्या पट्ट्यात पवनार. धामच्या पाण्यात त्या दिवशी ग्रहणस्नाने झाली असतील, ‘दे दान सुटे गिराण’ अशा हाका उठल्या असतील. तेथून पंचवीस-तीस मैलांवर मात्र दुसरेच लोक त्याच सावलीची वाट पाहत बसले होते, आणि त्यांच्यापाशी भिंगांच्या पेट्या होत्या.

तो काळ डोळ्यांपुढे आणावा. मध्यप्रांत-वऱ्हाडात १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच येऊन गेलेला. मुंबई-पुण्यास प्लेग. २२ जून १८९७ ला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, आणि दामोदर चापेकर कोठडीत होते. ‘ओरायन’ लिहून वेदकालाचा शोध आकाशातून घेणारे लोकमान्य टिळक राजद्रोहाची शिक्षा भोगत होते. अशा दिवसांत सरकारने परदेशी ज्योतिर्विदांसाठी तंबू, माणसे, रेल्वेच्या सोयी सारे पुरविले. पुलगावला केंब्रिजचे न्यूअल आणि कॅप्टन हिल्स होते. नागपूरजवळ घोगलीला स्कॉटलंडचे राजज्योतिषी कोपलंड होते. जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कँपबेल उतरले होते, आणि त्याच गावी पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हेही आपली यंत्रे घेऊन आले होते. वर्धा नदीच्या अलीकडे पुलगाव आणि पलीकडे, धामणगावच्या बाजूला, तळणी नावाचे लहानसे स्टेशन. तेथे ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची एक चिमुकली तुकडी होती. तीत मौंडर नवराबायको होती आणि जॉन एव्हरशेड नावाचा एक हौशी गृहस्थ होता.

या सर्वांनी आणलेल्या यंत्रांचे आकार पाहिले की प्रथम हसू येते. जेऊरला कँपबेल यांचा कॅमेरा चाळीस फूट लांब होता. तळणीला श्रीमती अ‍ॅनी मौंडर यांचे भिंग दीड इंच रुंद आणि त्यांची पेटी पुस्तकाएवढी. हा फरक श्रीमंती-गरिबीचा नव्हे. भिंगात जे जन्मजात दोष असतात त्यांच्याशी दोघांनी दोन तऱ्हेने तडजोड केली होती. ते दोष कोणते, हे समजून घेतल्यावाचून तळणीला काय साधले ते कळावयाचे नाही. म्हणून थोडे मागे जातो.

दिवाळीत मुलांना बाजारातून एखादी स्वस्त दुर्बीण आणून दिली असेल तर रात्री ती समोरच्या गच्चीवरल्या पणतीकडे लावून पाहा. ज्योतीच्या एका अंगाला जांभळी आणि दुसऱ्या अंगाला तांबूस झालर दिसेल. भिंग प्रकाश वाकवते, पण सगळे रंग सारखे वाकवीत नाही; जांभळा अधिक वाकतो, तांबडा कमी. म्हणून जांभळी प्रतिमा भिंगाच्या जवळ जमते आणि तांबडी थोडी दूर. एकीवर नजर जमवावी तर दुसरी पसरते. याला शास्त्रात वर्णविपथन म्हणतात. आपण रंगदोष म्हणू.

सतराव्या शतकात या दोषावर एकच तोड ठाऊक होती: भिंग अगदी चपटे घ्यावयाचे, म्हणजे प्रकाश थोडा वाकतो आणि झालर अंधूक होते. पण चपट्या भिंगाची प्रतिमा फार दूर जमते, आणि दुर्बीण लांबत जाते. डान्झिगच्या हेवेलियसने ती दीडशे फुटांपर्यंत लांबविली. मध्ये उंच डोलकाठी, तिला दोरखंडांनी टांगलेली लाकडी पट्टी, आणि वारा सुटला की सारे डुलते! अशा साधनाने चंद्र पाहणाऱ्यांच्या चिकाटीपुढे हात जोडावेत.

न्यूटनने रंगांचा अभ्यास केला आणि भिंगाचा हा रोग असाध्य आहे असे ठरविले. आरसा सर्व रंग सारखेच परतवतो हे ओळखून त्याने १६६८ साली धातूच्या आरशाची छोटी दुर्बीण बनविली. आरशाचा मार्ग बरोबर होता. भिंगाविषयीचा निर्णय मात्र चुकला. आणि तो चुकला हे दाखविले ते एका वकिलाने.

चेस्टर मूर हॉल हा इंग्लंडातला वकील. दोन निराळ्या काचांची दोन भिंगे, एक फुगीर आणि एक खोलगट, जोडली तर एकीचा रंगदोष दुसरी फेडील, असे त्याच्या ध्यानात आले. गुप्तता राहावी म्हणून १७३० च्या सुमारास त्याने एका चष्मेवाल्याला एक भिंग सांगितले आणि दुसऱ्या चष्मेवाल्याला दुसरे. दोघांनाही कामाची गर्दी. दोघांनीही आपापले भिंग घासावयास बाहेर दिले, आणि दिले ते एकाच कारागिराला! जॉर्ज बास त्याचे नाव. दोन भिंगे एकमेकांत चपखल बसतात आणि गिऱ्हाईक एकच आहे, हे त्याने ओळखले. पुढे ही गोष्ट जॉन डॉलंडच्या कानी गेली. त्याने स्वतः प्रयोग करून १७५८ साली पेटंट घेतले. त्याच्या मागे मुलाने इतर चष्मेवाल्यांवर फिर्याद केली, तेव्हा मूळ शोध हॉलचा, हा बचाव पुढे आला. न्यायाधीशांनी तो मानला नाही. शोध कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्यापेक्षा लोकांच्या उपयोगी आणणाऱ्याचा हक्क मोठा, असा निकाल झाला. वकिलाला कोर्टात न्याय मिळाला नाही याची मौज वाटते, पण निकाल मला तरी गैर वाटत नाही.

दुसरा दोष गोलाईचा. सकाळच्या उन्हात पितळी वाटीत दूध घेऊन बसावे. दुधावर उन्हाची एक लखलखीत रेघ उमटते, दोन कमानी मधोमध टोकाशी मिळाल्यासारखी. वाटीची गोल भिंत सूर्याचे किरण एका बिंदूत आणू शकत नाही याचे ते चित्र आहे. भिंग किंवा आरसा गोलाचा तुकडा असला तर कडेचे किरण अलीकडे जमतात आणि मधले पलीकडे. आरशाच्या बाबतीत उपाय असा की गोल न ठेवता त्याला अन्वस्ताचा आकार द्यावयाचा. उपाय लिहावयास एक ओळ, करावयास महिने! सहा इंच रुंद आणि चार फुटांवर प्रतिमा पाडणारा आरसा घेतला तर गोल आणि अन्वस्त यांतला फरक कडेला एका मिलिमीटरच्या सुमारे साडेतीन हजाराव्या भागाइतका निघतो. तेवढी काच हाताने, डांबरी राळेच्या गादीवर घासून काढावयाची. आणि नीट निघाली की नाही हे फूकोने १८५८ च्या सुमारास शोधलेल्या युक्तीने पाहावयाचे: आरशासमोर बारीक दिवा, परतलेल्या किरणांच्या वाटेत पात्याची धार, आणि डोळा. दोष असला तर आरशाच्या तोंडावर डोंगर-दऱ्यांसारख्या सावल्या पडतात. पुण्यात आयुका या संस्थेच्या कार्यशाळांतून हौशी मंडळी असे आरसे घासून आपापल्या दुर्बिणी बांधतात. या पद्धतीची तपासणी एकदा पाहिली तर ‘निर्दोष’ हा शब्द माणूस जपून वापरू लागतो.

अन्वस्त आरसाही निर्दोष नसतो. मधला तारा टिंबासारखा दिसतो, पण कडेच्या ताऱ्यांना बाहेरच्या बाजूस शेपट्या फुटतात, जणू लहान धूमकेतूच. हा तिसरा दोष. येथे पुण्याच्या नायगमवालांची आठवण येते.

भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी १८८२ साली पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तितकेच घातले, आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले तरुण अध्यापक नायगमवाला वर्णपटाची यंत्रे घेण्यास विलायतेला गेले. तेथे लॉकियरप्रभृतींनी त्यांच्या मनात वेधशाळेची कल्पना भरविली. १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात, आजच्या सीओईपीच्या आवारात, ‘महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा’ उभी राहिली. तिच्यात ग्रब कंपनीने बांधलेली आरशाची दुर्बीण होती. वीस इंची आरशाची ही दुर्बीण पुढे कित्येक दशके हिंदुस्थानातली सर्वांत मोठी होती. ताऱ्याचा प्रकाश फोडून त्याचा वर्णपट पाहावयाचा तर असेच यंत्र हवे. आरशाला रंगदोष नाही, म्हणून तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सारे रंग एकाच जागी, यंत्राच्या फटीवर जमतात. कडेच्या ताऱ्यांना शेपट्या फुटल्या तर फुटोत. ज्याला मधल्या एकाच टिंबाचे काम आहे त्याला त्यांचे काय?

या दुर्बिणीने एक गोष्ट केली ती फारशी सांगितली जात नाही. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक हिरवट रेषा दिसते. लॉकियर म्हणत, ती मॅग्नेशियमच्या पट्टीची कड आहे; तसे असते तर ती एका बाजूने पुसट दिसावयास हवी होती. नायगमवालांनी पुण्याहून पाहिले आणि १८९१ साली कळविले की रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव आहे. ज्या गुरूच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली त्याच्याच सिद्धान्ताविरुद्ध ही साक्ष होती. ती खरी ठरली. ही रेषा विद्युद्भारित ऑक्सिजनची आहे हे १९२७ साली बोवेन याने उलगडले. यंत्र धूसर असते तर पुसट काय आणि रेखीव काय, दोन्ही सारखेच दिसले असते.

लॉकियर यांचे नाव निघाले म्हणून जाता जाता. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि सांगतात की याच ओट्यांवरून लॉकियरने १८६८ साली हेलियमचा शोध लावला. ओटे खरे, पण सन जुळत नाही. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडातच होता. त्या ऑक्टोबरात त्याने ग्रहणावाचूनच सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि ती पिवळी रेषा तेथूनच अभ्यासली. विजयदुर्गाला तो आला तो तीस वर्षांनी, आपल्या या १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रॅम्झीने १८९५ साली हेलियम पृथ्वीवरही शोधून काढला होता. कोकणच्या मंडळींनी रागावू नये. ओट्यांचे मोल यामुळे कमी होत नाही. असो.

आता चौथा दोष, आणि हाच आपल्या कथेचा. भिंगाच्या ऐन समोर नसलेल्या, जरा बाजूच्या टिंबाची प्रतिमा टिंबासारखी न पडता एका अंतरावर आडवी रेघ होते आणि दुसऱ्या अंतरावर उभी. डोळ्यातही असाच दोष असतो, मात्र तेथे कारण बुबुळाच्या वाकड्या गोलाईचे. तो असलेल्यांना दूरच्या दिव्याला काटे फुटलेले दिसतात. चष्म्याच्या चिठ्ठीवर ‘सिलिंडर’ म्हणून जो आकडा असतो तो त्यावरचाच उतारा. असा चष्मा १८२५ साली प्रथम बनविणारा जॉर्ज एअरी पुढे इंग्लंडचा राजज्योतिषी झाला. ग्रीक भाषेत टिंबाला ‘स्टिग्मा’ म्हणतात. टिंब न पाडणाऱ्या या दोषाला म्हणून ‘अस्टिग्मॅटिझम’ हे नाव.

म्यूनिचच्या सायडेलने १८५० च्या दशकात गणिताने दाखविले की एकरंगी प्रकाशातही भिंगाला असे पाच दोष असतात, आणि एक दडपावा तर दुसरा डोके वर काढतो. घरातल्या लहानशा पांघरुणासारखे ते आहे: डोके झाकले की पाय उघडे. भिंग घडविणाऱ्यांपुढे प्रश्न एवढाच की कोणते अंग उघडे राहिलेले चालेल.

दुर्बिणीतून डोळ्यांनी पाहावयाचे होते तोवर मधले थोडे आकाश स्वच्छ दिसले की भागत असे. फोटोची काच आली आणि सारे बदलले. एक तर त्या काळची काच निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देई, म्हणून डोळ्यासाठी जुळविलेले भिंग फोटोला निकामी होई. शिवाय काचेला मध्य आणि कड सारखीच. तिच्या चारी कोपऱ्यांत टिंबाचे टिंबच हवे. हे साधावयाचे तर नव्या जातीची काच हवी होती, आणि ती १८८० नंतर जर्मनीत येना येथे आबे आणि शॉट यांनी वितळविली. तिच्या बळावर १८९० साली त्साइस कंपनीच्या रूडॉल्फने चौथा दोष जवळजवळ नाहीसा करणारे भिंग काढले, आणि पाठोपाठ लंडनच्या डॅलमायर कंपनीने आपले भिंग बाजारात आणले. त्याचे नावच ‘स्टिग्मॅटिक’, म्हणजे टिंबाला टिंब ठेवणारे! ते होते छायाचित्रकारांसाठी, माणसांची नि देखाव्यांची चित्रे घेण्यासाठी. आकाश हे काही त्याचे गिऱ्हाईक नव्हते.

अ‍ॅनी मौंडर यांनी ते घेतले. माहेरच्या त्या रसेल. १८६८ साली आयर्लंडात जन्मलेल्या. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकल्या, परीक्षेत वरच्या वर्गात आल्या, पण केंब्रिज तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नसे. १८९१ साली ग्रिनिचच्या वेधशाळेत त्यांना महिना चार पौंडांवर ‘लेडी कॉम्प्यूटर’ म्हणून काम मिळाले, म्हणजे आकडेमोड करणारी बाई. तेथे सौरडागांचे फोटो घेणारे वॉल्टर मौंडर यांच्याशी १८९५ मध्ये लग्न झाले, आणि लग्न झालेल्या बाईला नोकरी नाही या नियमाने काम सुटले. मग गर्टनने दिलेल्या संशोधनवेतनातून त्यांनी आकाशगंगेचे फोटो काढण्यासाठी एक छोटा कॅमेरा केला. त्याचे भिंग डॅलमायरचे ‘स्टिग्मॅटिक’, रुंदी दीड इंच, प्रतिमा नऊ इंचांवर. आकाशगंगेसाठी घेतलेले तेच भिंग त्यांनी तळणीला आणले. १८९६ साली नॉर्वेला ग्रहणासाठी जाऊन ढगांमुळे हात हलवीत परत यावे लागले होते. तळणीला आकाश निरभ्र होते.

खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. चंद्राने सूर्य पुरता झाकला की भोवती मोत्यासारखा शुभ्र प्रभामंडल दिसतो. ज्योतिर्विद त्याला ‘करोना’ म्हणजे किरीट म्हणतात. अलीकडे याच शब्दाने जगाला घरात बसविले. त्याचा मूळ अर्थ असा राजेशाही आहे. हा किरीट सूर्याच्या कडेशी बराच तेजस्वी असतो आणि बाहेर जाऊ तसा झपाट्याने फिकट होतो. सूर्यालगतची बारीक वीण पाहावयाची की दूरवरची फिकट टोके, येथे दोन वाटा फुटतात.

आता आकडे मांडून पाहू. सूर्याची प्रतिमा, ती भिंगापासून जितकी दूर पडते त्या अंतराच्या सुमारे एकशे सातव्या भागाएवढी असते. चाळीस फुटांवर ती साडेचार इंचांची येते, पेढ्यांच्या लहान बशीएवढी. नऊ इंचांवर ती दोन मिलिमीटरांची, मोहरीच्या दाण्याएवढी. सूर्याच्या कडेचे नक्षीकाम पाहावयाचे तर बशीच हवी, यात वाद नाही. आणि चाळीस फुटी कॅमेऱ्यात भिंग इतके चपटे असते की रंगाचे आणि गोलाईचे दोषही नावापुरतेच उरतात. पण तोच प्रकाश बशीभर पसरला की फिका होतो. कँपबेल यांचे भिंग पाच इंची. रुंदीच्या शहाण्णवपट लांबी. मौंडरबाईंची लांबी रुंदीच्या फक्त सहापट. गुणोत्तर सोळा, त्याचा वर्ग दोनशे छप्पन्न. म्हणजे काचेच्या प्रत्येक कणावर तळणीच्या पेटीत जेऊरपेक्षा सुमारे अडीचशेपट प्रकाश पडत होता. मग असे आखूड भिंग आधी सर्वांनीच का वापरले नाही? कारण जुन्या धर्तीचे भिंग इतके आखूड केले की दोष उसळून वर येत. मध्यापासून तीन-चार अंश दूर गेले की टिंबाच्या रेघा होत, आणि फिकट किरण त्या धुक्यात विरून जाई. तो दोष काढून टाकणारे भिंग दोन-तीन वर्षांपूर्वीच दुकानात आले होते.

तळणीच्या काचेवर प्रभामंडलातून निघालेला एक सरळ, लांब किरण उमटला. त्याची लांबी सुमारे साठ लाख मैल भरली, सूर्याच्या व्यासाच्या जवळजवळ सातपट. इतका लांब किरण तोपर्यंत कोणाच्याही काचेवर उतरला नव्हता. काचेवर ही लांबी दीड सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा थोडी जास्त! चाळीस फुटी कॅमेऱ्यात तोच किरण अडीच फुटांचा झाला असता, आणि इतका मंद की उमटलाच नसता.

अशा किरणांवर मौंडर दांपत्याने पुढे पुष्कळ विचार केला. पृथ्वीवरच्या चुंबकसूचीला बसणारे झटके दर सत्तावीस दिवसांनी, म्हणजे सूर्याच्या एका फेऱ्यागणिक, पुन्हा येतात असे वॉल्टर यांनी १९०४ साली दाखविले आणि त्याचे कारण सूर्यातून निघणाऱ्या अरुंद झोतांत शोधले. पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. आज सौरवात शाळेच्या पुस्तकात आहे, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेले आपले ‘आदित्य-एल१’ त्याच प्रभामंडलाकडे पाहत आहे. अ‍ॅनीबाईंना रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सभासद होता आले ते मात्र १९१६ साली, त्या संस्थेने स्त्रियांना दार उघडले तेव्हा.

लहान भिंगाची सरशी पुढेही एकदा झाली, आणि तीही ग्रहणातच. २९ मे १९१९ ला ब्राझीलमधल्या सोब्राल येथे ग्रिनिचच्या मंडळींनी सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण किती वाकतात ते मोजले. आइनस्टाइनचे भाकीत १.७५ विकलांचे, जुन्या हिशेबाने त्याच्या निम्मे. मोठ्या दुर्बिणीपुढचा आरसा उन्हाने तापून बिघडला, ताऱ्यांची टिंबे पसरली, आणि तिच्या काचांनी ०.९३ असे उत्तर दिले. ऐन वेळी सोबत घेतलेल्या चार इंची भिंगाच्या प्रतिमा मात्र रेखीव होत्या, त्यांनी १.९८ म्हणून सांगितले. मोठ्या दुर्बिणीची साक्ष बाजूला ठेवून लहानीची मानावी की नाही, यावर पुढे बराच खल झाला. काचा पाहिल्या तर निर्णय योग्यच होता असे मला वाटते.

आणि मोठ्यांची फजिती म्हणाल तर १९९० साली अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा. तो अतिशय गुळगुळीत होता, पण आकार चुकीचा! तपासणीच्या यंत्रात एक भिंग १.३ मिलिमीटरने भलतीकडे बसले होते. आरसा त्या यंत्राबरहुकूम तंतोतंत घासला गेला आणि कडेला सुमारे दोन मायक्रॉनने जास्त चपटा झाला. म्हणजे आपल्या दुधाच्या वाटीचाच दोष. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन तिला उलट दोषाची यंत्रे बसविली, एका अर्थी चष्माच लावला. हॉल वकिलाची युक्तीही हीच होती.

आता त्या सावलीतल्या दोन माणसांचे पुढे काय झाले तेवढे सांगतो. तळणीच्या तुकडीतले एव्हरशेड यांनीही त्या दोन मिनिटांत वर्णपटाचे उत्तम फोटो घेतले. हायड्रोजनच्या रेषा जेथे संपतात त्याच्यापुढे जांभळ्याच्या पलीकडे सलग पसरलेला प्रकाश त्यांच्या काचांवर मिळाला. १९०७ साली ते हिंदुस्थानात नोकरीवर आले, कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत. १९०९ मध्ये सौरडागांतल्या वायूंच्या वाहण्याचा शोध लावून त्यांनी नाव कमावले आणि १९११ मध्ये ते तेथील संचालक झाले. पुण्याला नायगमवाला चोवीस वर्षे आपली वेधशाळा जवळजवळ एकट्याने चालवीत होते. जेऊरच्या ग्रहणाचा अहवाल त्यांनी १९०२ साली छापला. १९१२ साली ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी नेमला नाही, वेधशाळाच बंद करण्यात आली, आणि ती वीस इंची दुर्बीण उतरवून पेट्यांत भरून कोडाईकनालला धाडण्यात आली. तिचा ताबा घेणारे अधिकारी होते तळणीचे एव्हरशेड.